काळोख्यांचे पाच पाट

उदयसिंह काळोखे माणूस बघतात तो खालून वर. आधी पाऊल, मग घोटा, मग गुडघा. तेवढ्यात समोरचा बोलायला लागला तर त्याचा चेहरा बघायचा राहूनच जातो. इंदूरच्या स्नेहलतागंजात त्यांच्या वर्कशॉपशेजारी एक चहावाला आहे. वर्षानुवर्षं त्याच्याकडचा चहा पिऊनही एकदा तो राजवाड्यापाशी समोर आला तेव्हा उदयसिंहांनी त्याला ओळखलं नाही. दुकानात तो कायम ओट्यामागे उभा असायचा, त्याचे पाय दिसायचे कुठे? चहावाल्याने हे मनाला लावून घेतलं आणि पुढचे काही दिवस चहात साखर कमी पडत गेली.

याला कारण त्यांचा धंदा. उदयसिंह जिने करतात. एकदा बांधले की बांधणाऱ्यापेक्षा जास्त जगतात ते जिने वेगळे. यांचे जिने सुटे असतात. एक लोखंडी चौकट, वर फळी, खाली चार पाय. पायाच्या नळीत दुसरी नळी सरकते आणि भोकात पिन घातली की उंची पक्की होते. अशा चौकटी एकीपुढे एक लावत गेलं की पाहिजे तेवढा जिना तयार, आणि काम झालं की सगळं पलंगाखाली. उंच गाडीत चढता न येणाऱ्या आज्यांसाठी ते जिना करतात, देवीला माळ घालणाऱ्या पुजाऱ्यासाठी करतात, मिरवणुकीतल्या झांकीवर चढणाऱ्या राम-लक्ष्मणांसाठीही करतात. एका शाळेच्या बुटक्या प्राचार्यांना त्यांनी अशी पायरी करून दिली होती की भाषणाला उभे राहिले की प्राचार्य उंच दिसायचे आणि पायरी कुणाला दिसायची नाही. पुढे ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी चांगल्या उंच बाई आल्या. आता त्या पायरीवर हार्मोनियम ठेवतात.

लोखंड या धंद्यात कधी त्रास देत नाही. त्रास देतं ते माप. सुरुवातीला उदयसिंह सरळ विचारायचे, "पाय किती उचलता येतो, दाखवा जरा." इथेच सगळं फसायचं. गुडघे धरलेत म्हणून जिना करून घ्यायला आलेला माणूस, चार लोक बघताहेत म्हटल्यावर, पाय असा उचलायचा की जणू परेडला उभा आहे. एक निवृत्त तहसीलदार तर पाय वर धरून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "लिहून घ्या." उदयसिंहांनी लिहून घेतलं. जिना झाला, घरी पोचला, आणि आठवड्याने फोन आला.

"काळोखेजी, सीढी फार ऊँची बनवून दिली तुम्ही. माणसांसाठी बनवता की उंटांसाठी?"

तेव्हापासून त्यांनी विचारणं सोडलं. वर्कशॉपच्या दारात ते काहीतरी आडवं टाकून ठेवतात. कधी वेल्डिंगची जाड केबल, कधी पाइप, कधी विटा. येणारा ते ओलांडून आत येतो, आणि आत येईपर्यंत त्याचं माप घेऊन झालेलं असतं. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही. तो उलट सुनावतो, "भिया, किती पसारा करून ठेवला आहे, स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या इंदौरमध्येच राहता ना?" उदयसिंह "सॉरी" म्हणतात आणि पसारा तसाच राहू देतात. विचारून घेतलेलं माप पहिल्याच खेपेला बरोबर निघालं असं गिऱ्हाईक त्यांच्या आयुष्यात एकच झालं. एका वकिलांचा म्हातारा कुत्रा. त्याला पलंगावर चढायला जिना हवा होता, आणि त्याने पाय जेवढा उचलवत होता तेवढाच उचलून दाखवला.

त्यांची सगळ्यात जास्त चालणारी वस्तू म्हणजे नवरदेवाची पायरी. इंदूरचा नवरदेव पोहे-जलेबीवर वाढलेला असतो आणि शेरवानी त्याच्या जुन्या मापाची असते. त्याला घोडीवर चढवायला पूर्वी चार मित्र लागायचे आणि चारही जण वेगवेगळ्या दिशेला ओढायचे. उदयसिंहांची पायरी आली आणि हा तमाशा संपला. शहरातल्या कितीतरी घोडीवाल्यांकडे आज ती आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी त्यांचं घराण्याशी जमत नव्हतं.

काळोखे होळकरांच्या पागेतले. शिलेदारी गेली, संस्थान गेलं, घोडेही गेले. आता कुणी वीज मंडळात आहे, कुणी बँकेत, कुणी महापालिकेत, आणि बहुतेकांचा घोड्याशी संबंध येतो तो लग्नाच्या दिवशी, अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासाचा नियम जुनाच आहे. काळोख्यांचा नवरदेव कशाचाही आधार न घेता रिकिबीत डावा पाय घालतो आणि एका झेपेत घोडीवर बसतो. पायरी, स्टूल, खुर्ची, मित्राचा खांदा, काही चालत नाही. नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण तो सांभाळायचे पंढरीनाथकाका.

काका म्हणजे उदयसिंहांच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेले तेव्हा उदयसिंह शाळेत होते. काकांनी त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून आयटीआयमध्ये नेलं, वेल्डिंगला घातलं, आणि पहिली चौकट वाकडी झाली तेव्हा "सरळ होईल" एवढंच म्हणाले. उदयसिंहांचा काकांवर फार जीव. ते बोलून दाखवत नाहीत, पण काकांच्या घरी जाताना आजही शर्टाचं वरचं बटण लावून जातात.

चुलतभाऊ संजीवच्या लग्नात घोडीवाल्याने सवयीने पायरी आणून ठेवली आणि संजीवने सवयीनेच तिच्यावर पाय दिला. काका म्हणाले, "ज्याला पायरी लागते त्याने रिक्षात बसावं." आणि काठी उचलून चालते झाले. जेवले नाहीत. संजीवला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी काकांनी त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. "तुझा धंदा तू कर," त्यांनी उदयसिंहांना सांगून ठेवलं, "पण आपल्या घोडीपाशी तुझं लोखंड आणायचं नाही."

असं सगळं असताना उदयसिंहांच्या मुलाचं, अंकुरचं, लग्न ठरलं. अंकुर शहराबाहेर सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या एका कंपनीत आहे. मुलगी निधी, शिकलेली, हसरी. उदयसिंहांनी तिचे पाय पाहिले, चाल पाहिली आणि घरी येऊन "छान आहे" म्हणाले. चेहरा कसा आहे असं कमलनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारल्यावर थोडे गडबडले.

लग्नाला महिना राहिला असेल. अंकुर पत्रिका घ्यायला वर्कशॉपवर आला. दारात नेहमीसारखी केबल पडली होती. लहानपणापासून तो ती ओलांडत आला होता. त्या दिवशी त्याने ती ओलांडली नाही. भिंतीला हात लावून, वळसा घालून आत आला, पत्रिका घेतल्या, आणि तसाच वळसा घालून गेला. उदयसिंहांच्या हातातला ब्रश रंगाच्या डब्यात पडला.

घरी कमल लसूण सोलत होत्या.

"अंकुरच्या डाव्या गुडघ्याला काय झालं आहे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"केबलने."

कमलनी चाकू खाली ठेवला. आईला अर्थातच सगळं माहीत होतं. अंकुर गेले काही रविवार कुणालाही न सांगता महू रोडवरच्या एका तबेल्यात जात होता. घोडीवर झेप घ्यायची प्रॅक्टिस करायला. नियम मोडू नये म्हणून. तिथेच एकदा पाय रिकिबीत अडकला, घोडी पुढे झाली आणि गुडघा पिरगळला. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघा पूर्ण वाकवून त्यावर भार टाकलास तर सरळ ऑपरेशन. लग्नानंतर बघू म्हणून अंकुर पट्टा बांधून हिंडत होता आणि त्या दिवशी कसंही करून झेप मारायचीच म्हणत होता.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"म्हणाला, पप्पा काकाआजोबांशी बोलायला जातील. मग काकाआजोबा उठून जातील, आणि पप्पांच्या मनाला ते फार लागेल. माझ्या घुटन्याचं काय, तो ठीक होईल."

पोराने बापासाठी गुडघा पणाला लावला होता, आणि बापाला तो गुडघाही हवा होता आणि काकाही. दोन्हीतलं एक सोडायची त्यांची तयारी नव्हती. रात्रीच्या जेवणात त्यांनी वरणावर साखर घेतली आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

वाट काढली ती कमलनी. "नवरदेवाला कशावर उभं करून औक्षण करतात?" त्यांनी विचारलं.

"पाटावर."

"काकांना पाट चालतो ना?"

"पाट म्हणजे काही पायरी नाही."

"औक्षणाला सुवासिनी किती लागतात?"

"पाच," उदयसिंह म्हणाले, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. प्रत्येक सुवासिनीचा पाट वेगळा. पहिला जमिनीलगत, दुसरा जरा उंच, तिसरा त्याहून जरा. पाचवा घोडीच्या शेजारी. एवढं उंच उभं राहिलं की डावा पाय वाकवायची गरजच नाही, उजवा पाय पलीकडे टाकायचा आणि बसायचं. प्रश्न एवढाच होता की काळोख्यांत असा रिवाज कधी नव्हता.

त्यासाठी कमल काकूंकडे गेल्या. द्वारकाबाई म्हणजे काकांच्या पत्नी, घरातल्या सगळ्यात थोरल्या सुवासिनी, उंचीने सगळ्यात लहान. त्यांनी गुडघ्याची हकीकत ऐकली, डोळ्यांना पदर लावला, मग पदर खाली घेऊन कामाचं विचारलं.

"रिवाज कुणाच्या वेळचा सांगायचा?"

"तुमच्या सासूबाईंच्या वेळचा सांगितला तर?"

"त्या असत्या तर फार चिडल्या असत्या," द्वारकाबाई म्हणाल्या आणि थोडा विचार केला. "मग त्यांच्याच वेळचा सांगू."

उदयसिंह कामाला लागले. वर सागवानी पाट, पितळी फुलं ठोकलेले. खाली लोखंडी चौकट, आणि चौकट झाकायला राजवाड्याजवळून आणलेली जरीची झालर, जमिनीपर्यंत. अंकुरचं माप विचारून घेण्यात अर्थ नव्हता, तो तहसीलदारांसारखाच पाय उचलून दाखवणार. म्हणून घरातच दारादारांत कधी पाट, कधी पुस्तकांचा गठ्ठा, कधी गादीची वळकटी दिसू लागली. अंकुर प्रत्येक वेळी उजवा पाय आधी टाकायचा आणि डावा सरळ ठेवून मागून ओढून घ्यायचा. कुठल्या उंचीला त्याचे ओठ आवळले जातात ते उदयसिंहांनी पाहून ठेवलं, आणि प्रत्येक पाट त्याच्या थोडा खालीच ठेवला. असं पाहणं बापाला सोपं नव्हतं. एकदा तर ते मध्येच उठून गच्चीवर गेले.

लग्नाचा दिवस आला. अन्नपूर्णा भागात घरासमोर मांडव, बँड, फेटे, सगळे नातेवाईक. काका मधोमध खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून. संजीव जरा लांबच उभा. पाच पाट घोडीच्या जागेपर्यंत ओळीने मांडलेले. अंकुरला कमलनी सकाळी एवढंच सांगितलं होतं, "सुवासिनी म्हणतील तिथे उभा राहा आणि गप्प राहा."

मग घोडी आली, आणि उदयसिंहांनी आधी तिचे पाय पाहिले. ठरवलेल्या घोडीपेक्षा ही चांगलीच उंच होती.

"काळोखेजी, छोटीवाली बीमार हो गई," घोडीवाला म्हणाला. "ये भी एकदम शरीफ है."

शरीफ होती, पण शेवटचा पाट आता कमी पडत होता. उंची वाढवायची तर पिना बदलायच्या, आणि पिना झालरीच्या आत. उदयसिंह शेरवानी-फेट्यासकट जमिनीवर पालथे पडले आणि झालरीखाली शिरले. बाहेर त्यांचे नुसते पाय उरले. भरल्या मांडवात वरबाप पालथा पडलेला पाहून बँडवालेसुद्धा थबकले.

"काय झालं उदयला?" काकांनी विचारलं.

"साष्टांग नमस्कार घालताहेत," कमल म्हणाल्या. "वास्तुपुरुषाला."

काकांनी पसंतीची मान हलवली. हल्ली एवढं कोण करतं, असं शेजारच्याला म्हणालेही. नमस्कार बराच वेळ चालला. उदयसिंह बाहेर आले तेव्हा फेटा कानावर होता आणि पाचही पाट वर सरकलेले होते.

औक्षण सुरू झालं. पहिल्या पाटावर कमलनी ओवाळलं. दुसऱ्यावर मावशीने. अंकुर उजवा पाय टाकत, डावा मागून घेत चढत होता. त्याला आता सगळं कळलं होतं. त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं आणि लगेच समोर बघितलं.

"हे पाट कसले?" काकांचा आवाज आला.

"सासूबाईंच्या वेळचा रिवाज आहे," द्वारकाबाई ताटातली वात सारखी करत म्हणाल्या. "तुम्ही पुरुष घोडीकडे बघत असायचात. बायका काय करतात ते तुम्हाला काय माहीत?"

तिसरा पाट झाला, चौथा झाला. चौथ्यावर आत्याला टाचा उंचावूनही नवरदेवाच्या हनुवटीच्या वर ताट नेता आलं नाही. पाचव्यावर द्वारकाबाई होत्या. त्यांचं ताट पोचलं ते अंकुरच्या गुडघ्यापर्यंत. त्यांनी बाकीच्या अंकुरकडे पाहिलंच नाही. डाव्या गुडघ्याला सावकाश ओवाळलं, डाव्या गुडघ्यावर अक्षता टाकल्या, त्याच गुडघ्यावरून बोटं उतरवून कानशिलावर मोडली, आणि त्यांना रडू आलं. काका खुर्चीतून हे बघत होते.

उदयसिंह पुढे झाले. उजवा पाय पलीकडे टाकताना डाव्यावर भार येणार होता, म्हणून त्यांनी एका हाताने मुलाचा डावा गुडघा खालून धरला. त्याच वेळी काका उठले. काठी टेकत पाटांपाशी आले, झालर पाहिली, आणि काठीचं टोक झालरीवर आपटलं. आतून लोखंडाचा खणखणीत आवाज आला.

संजीवने नकळत एक पाऊल मागे घेतलं. उदयसिंहांनी काकांकडे पाहिलं. पण हात गुडघ्यावरून काढला नाही. काका गेले तरी आता हात काढायचा नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं. असं काही त्यांनी काकांसमोर आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं होतं.

काकांनी तो हात पाहिला. हाताखालचा गुडघा पाहिला. मग मांडवाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या आईच्या वेळी पाट शिसवीचे असायचे. हे सागवानी आहेत." काठी झालरीवरून काढली. "चालतील. बाजा वाजवा रे."

बँड सुरू झाला. अंकुरने उजवा पाय पलीकडे टाकला आणि घोडीवर बसला. डावा गुडघा उदयसिंहांनी स्वतः अलगद खाली सोडला. बायका एकमेकींना सांगू लागल्या की हो, पाटांचा रिवाज त्यांच्याही ऐकण्यात होता, मध्ये बंद पडला होता एवढंच.

बारात हलली. काका उदयसिंहांच्या शेजारी आले. समोर मुलं नाचत होती, आवाजाने कान बधिर होत होते, म्हणून त्यांना अगदी जवळ येऊन बोलावं लागलं.

"फार दुखतं का रे त्याला?"

"दुखतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

उदयसिंहांनी खोटं बोलायचा विचार केला, पण काकांशी त्यांना ते कधी जमलं नव्हतं.

"तुम्ही उठून गेला असता, काका."

काकांनी घोडीवरच्या अंकुरकडे पाहिलं.

"गेलो असतो," ते म्हणाले, आणि उदयसिंहांच्या खांद्यावर हात टाकून, त्या हातावर आपला सगळा भार टाकून, बारातीबरोबर चालू लागले.